नीट बोलायचे तीन दिवस

शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला लागून आली की निम्मं नागपूर पचमढीला जातं आणि उरलेलं निम्मं घरातले पंखे पुसतं. आम्ही कायम पंखेवाले. पण यंदा मार्चमधल्या त्या सुट्टीच्या आधी लेकीचा पुण्याहून फोन आला आणि पंखे पुसण्याला एकदम राष्ट्रीय महत्त्व आलं. ती येणार होती. तिच्याबरोबर तिच्याच ऑफिसातला तो मुलगा येणार होता, ज्याला आम्ही दोनदा भेटलो होतो आणि जो आम्हाला आवडला होता. आणि त्याच्याबरोबर, पहिल्यांदाच, त्याचे आई-वडील येणार होते, थेट कोल्हापूरकडून. दोन्ही घरांची मनं जुळली तर रविवारी सुपारी फोडायची, असं मुलांनी आपसात ठरवूनही टाकलं होतं. हल्ली मुलं सगळं ठरवतात आणि मनं जुळवायचं तेवढं आपल्यावर सोडतात.

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर. नवरा समोर बसून जेवत होता. लेक एकेक सूचना देत होती. चादरी नव्या घाल, रस्सा फार तिखट नको, कूलरचा आवाज येतो तो बघून घे. मी हो-हो करत होते. मग तिने आवाज जरा खाली आणला.

"आणि आई, एक सांगू? त्यांच्या घरी सगळे खूप व्यवस्थित बोलतात गं. बाबांना सांग ना, त्यांच्यासमोर जरा नीट बोलायला. ते काहून-फाहून, पोट्टा-पोट्टी, करून राहिलो, असलं नको. नाहीच जमलं तर कमी बोला म्हणावं."

"अवं, फोन स्पीकरवर आहे," मी म्हटलं.

तिकडून 'अय्या!' ऐकू आलं. मग, "बाबा, तसं नाही हो..."

"बरं," नवरा म्हणाला आणि मला खुणेनेच आणखी एक पोळी मागितली. विषय संपला असं मला वाटलं. मी लगेच पंख्यांकडे वळले.

इथे माझ्या नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे आणि त्या दुकानाचं खरं भांडवल म्हणजे त्याची जीभ. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण त्याच्यासाठीच निघाली असावी. मालेगावच्या व्यापाऱ्यापासून काटोलच्या आजीबाईपर्यंत कुणालाही तो गुंडाळी उलगडता उलगडता हसवतो, रडवतो, तिच्या नातवाची चौकशी करतो आणि सोबत एक परकर-पीसही खपवतो. आणि हे सगळं 'मले-तुले'च्या भाषेत. मीही घरात तशीच बोलते. आता लिहायला बसले म्हणून शहाण्यासारखी भाषा काढलीय, एवढंच. पण मला गरजेपुरतं सरळ होता येतं, शाळेत क्लार्क म्हणून नोकरी केलीय मी. त्याला ते कधी लागलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी चौघं रेल्वेने आली. स्टेशनवर नवऱ्याने हात जोडले, घसा खाकरला आणि म्हणाला, "नमस्कार. आपला प्रवास सुखाचा झाला ना?"

मी वळून बघितलं, दुसरंच कोणी बोललं की काय म्हणून.

"हो. प्रवास उत्तम झाला. धन्यवाद," मुलाचे वडील म्हणाले. उंचपुरा माणूस, भरदार मिशा, घरी ऊस आणि म्हशी. असा माणूस सकाळी सकाळी प्लॅटफॉर्मवर 'धन्यवाद' म्हणतो तेव्हा कुठेतरी काहीतरी बिनसलेलं असतं. पण तेव्हा माझं लक्ष बॅगा मोजण्यात होतं.

घरी आल्यावर तर्री-पोहे केले होते. तर्रीचा कट बघून पाहुण्यांचे डोळे चमकले, हे मी बघितलं. एरवी आमच्याकडे पाहुणा पोह्यांना बसला की नवरा त्याच्या शेजारी बसून तर्रीचं पुराण लावतो, कोणत्या चौकातली चांगली, कोण फसवतो, कोणी एकदा पैजेवर किती प्लेटा खाल्ल्या. त्या दिवशी तो म्हणाला, "घ्या ना." मग थोड्या वेळाने म्हणाला, "अजून घ्या." पाहुणे म्हणाले, "पुरे. चव छान आहे." तिघाचौघांच्या चमच्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. माझ्या घरात जेवताना चमचे ऐकू येत नाहीत कधी.

संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलो. मुलं भुट्टे घ्यायला पळाली, मी आणि मुलाची आई पुढे चालू लागलो. ती बाई गोड होती, पण बोलताना प्रत्येक वाक्याआधी थांबायची, देवळात शिरताना चप्पल काढावी तशी. मीही माझी सगळ्यात धुतलेली भाषा काढली होती. आम्ही दोघी मिळून बातम्या वाचत होतो म्हणा ना. मागे वळून बघितलं तर दोन पुरुष तळ्याच्या कठड्यावर बसलेले, दोघं पाण्याकडे बघताहेत, मधे एका माणसाएवढी जागा. कुणी परगावचा माणूस बघता तर त्याला वाटलं असतं, जमिनीच्या वादातले भाऊ तारखेला आलेत.

नवऱ्याची अडचण मला तिथे कळली. तो बोलत नव्हता असं नाही, बोलायची तयारी करत होता. ओठ हलायचे. मनात 'पाहून राहिलो'चं 'बघतो आहे' करायचं, 'तुम्हाले'चं 'तुम्हाला' करायचं, वाक्य धुऊन, पिळून, वाळत घालेपर्यंत विषय तळ्यावरून आइस्क्रीमवर गेलेला असायचा. मग तो ते वाक्य गिळायचा. दिवसभरात त्याने किती गिळली असतील देव जाणे. रात्री जेवला मात्र थोडंच.

शनिवारी कोराडीच्या देवीला न्यायचं ठरलं होतं. पाहुण्यांची अंबाबाई, आमची जगदंबा, त्यामुळे तेवढा तरी विषय निघेल असं माझं गणित. गाडीत मुलगा चालवायला, शेजारी नवरा, मागे आम्ही सगळे दाटीवाटीने. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या की नवऱ्याची एक ठरलेली गोष्ट सुरू होते. तरुणपणी तो सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून तिथल्या कर्मचाऱ्यांच्या कॉलनीत विकायला जायचा. एकदा पांढरं लट्ठ्याचं ठाण उघडलं आणि राखेचा असा वारा आला की ठाण राखाडी झालं, आणि या पठ्ठ्याने तिथल्या तिथे 'नवीन रंग आला आहे' म्हणून ते विकून टाकलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला चिमण्या दिसल्या की हसू येतं. त्या दिवशी चिमण्या दिसल्या. त्याने मागे वळून बघितलं, तोंड उघडलं, लेकीकडे नजर गेली, आणि तो पुढे वळला.

मला राहवलं नाही. मीच गोष्ट सांगितली. नीट भाषेत सांगितली. कुणी हसलं नाही. मुलाचे वडील म्हणाले, "अच्छा." पुढे देवळापर्यंत कोळशाचे ट्रक मोजत गेलो.

देवीसमोर मी नारळ ठेवला आणि मनात म्हटलं, बाई, या माणसाची वाचा परत दे. एरवी मीच त्याला सांगते, अहो, जरा दम घ्या, दुसऱ्याला बोलू द्या. मागितलेलं मिळालं की कसं वाटतं ते मला कोराडीत कळलं.

दुपारी गांधीबागेत दुकान दाखवायला नेलं. मला वाटलं, इथे तरी गडी फुलेल. आपल्या गादीवर बसल्यावर माणूस राजा असतो. तो गादीवर बसला, एक रेशमी काठाचं ठाण मुलाच्या आईसमोर उलगडलं आणि म्हणाला, "हे वस्त्र पाहावे."

वस्त्र! दुकानातल्या नोकराने हातातली कात्री खाली ठेवली. समोरच्या दुकानातले शेठ चष्मा सावरत उठून आले आणि दारातूनच विचारते झाले, "क्यूं भाई, तबीयत ठीक नहीं है क्या?" नवरा म्हणाला, "मी व्यवस्थित आहे." शेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते हळूच परत गेले, पण दोन मिनिटांनी त्यांच्याकडून सर्वांसाठी लिंबू सरबत आलं, आणि नवऱ्यासाठी वेगळं, आजाऱ्याला देतात तसं मीठ-साखरेचं पाणी.

मुलाचे वडील ठाणावर हात फिरवत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, मिशा हलत होत्या. शेवटी म्हणाले, "पोत उत्कृष्ट आहे." आणि मग आम्ही घरी आलो.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. घरी पोचलो तर वऱ्हांड्यात मिरच्यांची दोन पोती. माझं माहेर भिवापूरकडचं. भाऊ दरवर्षी वर्षभराच्या तिखटाची मिरची पाठवतो आणि ती कधी पाठवायची ते गावाकडून येणाऱ्या गाडीवर ठरतं, आमच्या पाहुण्यांवर नाही. दमट पोतं तसंच ठेवलं तर मिरची काळी पडते. म्हणजे रविवारी सकाळी ती गच्चीवर पसरणं आणि देठ खुडणं आलंच. सुपारीच्या दिवशी घरभर ठसका. मी कपाळाला हात लावला.

पोती कडेला सरकवताना मी नवऱ्याला गाठलं. "अहो, काय झालं तुम्हाले? काहून असे मूग गिळून बसले? ते लोक काय म्हणत असतील?"

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

मला! लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्याशी बोलताना स्वतःला कधी 'मला' म्हटलं नव्हतं. रागावला असता तर मी निभावलं असतं, आम्हाला भांडायची चांगली सवय आहे. पण तो रागावलेला नव्हता. त्याला लागलं होतं, आणि लागलेलं बोलून दाखवायची त्याची जी भाषा होती ती त्याने लेकीच्या सांगण्यावरून बंद करून ठेवली होती.

रविवारी सकाळी लेक स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले.

"आई, काका काल त्याला म्हणाले, मुलीच्या वडिलांचं मन दिसत नाही. दोन दिवसांत त्यांनी तोंड उघडलं नाही. नसेल पसंत तर जबरदस्ती कशाला, आजची सुपारी राहू दे. संध्याकाळच्या गाडीने निघू आणि पुढचं पुढे बघू." ती ओट्याला टेकली. "बाबा असं का करताहेत? त्यांना तो आवडला होता ना? मुद्दाम करताहेत का?"

मी चिडले. आदल्या दोन दिवसांचं सगळं साचलेलं त्या 'मुद्दाम'वर फुटलं. "मुद्दाम? तूच त्यांच्या तोंडाले कुलूप लावलं आणि आता मलेच विचारून राहिली किल्ली कुठं आहे म्हणून? कमी बोला म्हणावं, कोण म्हणालं होतं?"

तिचा चेहरा उतरला. "मी तसं नव्हतं म्हटलं."

"तसंच म्हटलं होतं. स्पीकरवर म्हटलं होतं."

तिने ओट्यावरचे कप उगाच सरळ मांडले. मला लगेच वाईटही वाटलं, कारण सुपारी तिची होती, आणि ती हातातून जात होती. पण चहाला उकळी आली होती आणि गच्चीवर ऊन चढत होतं. मी तिला म्हटलं, जा, बाबांशी बोल. ती म्हणाली, पाहुण्यांसमोर काय बोलू? तेही खरंच होतं.

गच्चीवर ताडपत्री अंथरून आम्ही एक पोतं उलटलं. लाल ढीग पडला आणि सगळी आळी शिंकली. मुलाची आई हातावर हात ठेवून बसायच्या जातीची नव्हतीच, ती पदर खोचून माझ्याशेजारी बसली. "आमच्याकडे याची चटणी करतात," ती म्हणाली. मला वाटलं वाटणाची. मग कळलं, आमचं तिखट ते त्यांची चटणी. दुसऱ्या कोपऱ्यात दोन्ही पुरुषांनी दुसरं पोतं घेतलं. मुलाच्या वडिलांना नुसतं बसवत नव्हतं, आणि नवऱ्याला देठ खुडताना न बोलण्याची सोय होती. दोघं खाली माना घालून कामाला लागले.

थोड्या वेळाने मला खालून करपल्याचा वास आला. "अगबाई, दूध!"

"बसा तुम्ही," मुलाची आई चटकन उठली, "मी बघून आलो."

ती दोन पावलं गेली आणि थबकली. जीभ चावून माझ्याकडे बघितलं. "आले. बघून आले, म्हणायचं होतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. दूध गेलं ते गेलंच.

"काय करायचं वो," ती परत बसत म्हणाली, आणि एकाएकी तिच्या आवाजातला सगळा काच निघून गेला. "आमच्यात बायका आलो-गेलोच म्हणत्यात. जल्माची सवय. पण लेकानं बजावून बजावून सांगितलंय, आपलं बोलणं त्यांच्याकडं शोभायचं न्हाई, तिथं नीट बोला. माझं एक आसूं दे, आमच्या मालकांचं बघा की. घरात आसलं की चार रानं पलीकडं आवाज जातुया. हितं आल्यापासनं नुसतं उत्तम आन् उत्कृष्ट!"

"बाप्पा!" मी म्हटलं. "अवो, आम्हाले बी तेच सांगतलं हो! तुमच्याकडचे सारे व्यवस्थित बोलतात म्हणून!"

मग आम्ही दोघी जे हसलो, ते हसता हसता ठसका लागला, ठसक्याने डोळ्यांत पाणी, आणि पुसायला जावं तर हात मिरचीचे. ती म्हणाली, चला, आता दोघांना सांगूया. आम्ही उठतोय तोवर पलीकडच्या कोपऱ्यातून आरोळी आली.

"आगागागागा! डोळा गेला की वो माझा! आयला, मिरची हाय का इंगळ!"

घामाची धार पुसायला मुलाच्या वडिलांनी हात वर नेला होता. आणि त्याच क्षणी माझा नवरा ताडकन उभा राहिला.

"चोळू नका! चोळू नका म्हनतो नं जी! आता हात काहून लावून राहिले? तो बी मिरचीचाच हाय! अवं, पानी आन! पोट्टे हो, तोंड पाहून काय राहिले, बादली आना नं! या, इकडं या, मान खाली करा. डोया उघडा. उघडा जी, भेऊ नका, मी हावो नं!"

मुलं बादली घेऊन धावली. नवऱ्याने स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले, मग एका हाताने त्या उंच माणसाची मान धरून डोळ्यावर पाण्याचे हबके मारायला लागला, आणि एकीकडे तोंड सुरूच. पहिल्या वर्षी सासरी मिरची खुडून तेच हात घेऊन तो भलत्या ठिकाणी कसा गेला, मग माझ्या भावाने त्याला विहिरीवर कसं नेलं, सारं गाव कसं जमलं, ही गोष्ट मी कुणासमोर काढू देत नाही. त्या दिवशी ती काढली, तीही सविस्तर. पाहुणे एक डोळा मिटून, दुसऱ्या लालबुंद डोळ्याने त्याच्याकडे बघत होते. मग ते हसायला लागले. त्यांची बायको म्हणाली ते खोटं नव्हतं, चार रानं पलीकडे गेला असता असाच आवाज होता.

"आवं, मग तीन दिस का गप्प होतासा?" डोळा पुसत ते म्हणाले. "आमास्नी वाटलं, आमचं पोरगं तुमच्या मनात बसंना. मी काल बायकूला म्हटलं, उगं कशाला कुणाच्या गळ्यात पडायचं, चला आपल्या गावाला."

"अरे बाप्पा!" नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला, ओला. "पोट्टा तं मले पयल्या भेटीतच पसंत पडला होता. सोन्यासारखा पोट्टा. पन आमच्या पोरीनं..."

लेक बादली धरून समोरच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"आमच्या पोरीनं काय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"आमच्या पोरीनं सांगतलं होतं नं, पाहुन्यायले तर्री चारा म्हनून," नवरा म्हणाला. "चवीले मीच पयले दोन वाट्या हानल्या. घसाच बसला जी. आवाजच निघून नव्हता राहिला."

"घसा व्हय!" ते म्हणाले. "आमचा तर आमच्या चिरंजीवानं बसवला. नीट बोला म्हणं. बोलतोय की इतकी वर्सं, म्हशीला सुदिक कळतंय!" चिरंजीव कानापर्यंत लाल झाले आणि सगळे हसले. लेक हसली नाही.

सुपारी दुपारीच फोडायची ठरली. मुलाची आई आपल्या मालकांचा डोळा पुन्हा धुवायला त्यांना खाली घेऊन गेली. नवरा त्या मुलाला म्हणाला, "जाय गा, बाबाले दही दे डोळ्यावरून फिरवाले, थंड पडते." तो पळाला. गच्चीवर आम्ही तिघं उरलो. नवरा पुन्हा मिरच्यांपाशी बसला, लेक त्याच्यासमोर बसून देठ खुडायला लागली. मी साबण लावून हात धुतले आणि सांडलेलं पाणी झाडूने लोटत राहिले.

"काहून खोटं बोलले, बाबा?" ती म्हणाली.

"कोन खोटं बोललं?"

"घसा बसला म्हणून. त्यायनं तं सरळ सांगून टाकलं. तुम्ही बी सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

त्याने हातातल्या मिरचीचा देठ खुडून बाजूला टाकला. मग अगदी साध्या आवाजात, जसं कापडाची रुंदी सांगावी तसं, म्हणाला, "तुह्या सासरच्यायले काय सांगू मी? का माह्या पोरीले माही लाज वाटते म्हनून? तुले जाचं हाय त्या घरात. उद्या ते तुलेच बोलतीन."

लेकीच्या हातातली मिरची तशीच राहिली. दोन दिवस मी समजत होते, तिचं बोलणं लागलं म्हणून त्याने तोंड मिटलंय. आणि आता तोंड उघडल्यावर पहिलं काम त्याने तिला पाठीशी घालायचं केलं होतं.

"लाज नव्हती, बाबा," तिला हुंदका आला. "खरंच नव्हती. मले भीती वाटून राहिली होती. त्यायनं तुम्हाले नावं ठेवली असती तं? तुम्हाले कोनी हसलं असतं तं मले सहन नसतं झालं. म्हणून मी..."

"भेव होय म्हनतेस? लाज नाही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं नं, बाबा!"

तिच्या गालांवरून धारा लागल्या. तिने हात उचलला आणि तसाच खाली नेला. त्यानेही तिचा चेहरा पुसायला हात पुढे केला, बोटं लालभडक, आणि अर्ध्यात थांबवला. बापाचे हात हवेत, लेकीचे हात मांडीवर, आणि दोघांचेही डोळे गळताहेत. मी आपली खुळ्यासारखी उभी राहून बघत होते, कारण मलाही दिसत नव्हतं नीट.

"अवं," तो माझ्यावर खेकसला, "तुहे हात धुतलेले हायेत नं? मंग पूस नं तिचे डोये! उभी राहून पाहून काहून राहिली?"